रात्री किंवा पावसात कॅमेरा ऑफलाइन जातोय? कॅमेरा बदलण्याआधी केबलची टोकं बघा

कोल्हापुरात कळंब्यापासून कसबा बावड्यापर्यंत, बंगला असो नाहीतर अपार्टमेंट, कॅमेऱ्याची तक्रार ठरलेली असते. "दिवसभर झकास चालतोय, संध्याकाळी सात वाजले की जातोय, सकाळी आपोआप येतोय." नाहीतर, "पाऊस लागला की गेटवरचा बंद, उघडीप मिळाली की चालू." मग फिटर येतो, शिडी लावून कॅमेरा पुसतो, एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बंद-चालू करतो, चित्र येतं, तो पैसे घेऊन जातो. आठवडाभरात परत तेच. दोन-तीनदा असं झालं की कॅमेराच बदलला जातो. नवा कॅमेरा काही दिवस बरा चालतो आणि सगळ्यांची खात्री पटते की जुनाच खराब होता. खरं तर तो बदलताना प्लग काढून पुन्हा बसवला गेला, पिना एकमेकींवर घासल्या, वरचा मळ थोडा निघाला, एवढंच झालेलं असतं. मळ पुन्हा साठला की नवा कॅमेराही जुन्यासारखाच वागू लागतो.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा केबलमध्ये असतं, आणि केबलमध्येही दोन्ही टोकांच्या वीतभर भागात. मधली पन्नास मीटर केबल सहसा बिचारी निर्दोष असते. मुख्य अपवाद एकच, केबल मुळातच तांब्याची नसेल तर. तेही खाली येईल.

आधी वेळ लिहून ठेवा

शिडी चढण्याआधी एनव्हीआरचा इव्हेंट लॉग उघडा. कोणता कॅमेरा किती वाजता तुटला आणि किती वाजता परत आला हे त्यात असतं. आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या तर अर्धं निदान तिथंच होतं. रोज अंधार पडताना जाणारा कॅमेरा आणि पावसात जाणारा कॅमेरा ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोघांची औषधंही वेगळी. दुपारी दोन-तीनच्या उन्हात पत्र्याखालचा कॅमेरा जात असेल तर प्लगमधला ढिला संपर्क. टाकीची मोटर सुरू झाल्याक्षणी जात असेल तर सप्लाय. आणि सगळे कॅमेरे एकदम जात असतील तर केबलचा नाद सोडा, नेटवर्क स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथं एकत्र येतात तो डबा) किंवा त्याचा अडॅप्टर बघा.

सगळे नाही, पण रात्री ठराविक एक-दोन जात असतील आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीजही देणारा) वापरत असाल, तर स्विचवर लिहिलेले एकूण वॅट वाचा. आठ पोर्टचा स्विच आहे म्हणजे आठही पोर्टवर पूर्ण ताकद एकाच वेळी मिळते असं नाही. रात्री सगळ्या कॅमेऱ्यांचे आयआर, म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे एकदम लागतात, बेरीज स्विचच्या क्षमतेबाहेर गेली की तो एखादं पोर्ट बंद करतो. ही बेरीज दोन मिनिटांत होते, म्हणून ती पहिल्यांदा करायची.

रात्रीच का?

कॅमेऱ्याला दिवसा तीन-चार वॅट पुरतात. अंधार पडला की आयआर एलईडी लागतात आणि भूक जवळपास दुप्पट होते. डेटाशीटवर जो जास्तीत जास्त वॅटचा आकडा असतो तो रात्रीचा समजायचा.

आता आपल्याकडे एक जुगाड फार चालतो. खरी पीओई न घेता दोन टोकांना दोन स्प्लिटर (वीज केबलमध्ये घालणारा आणि पुन्हा वेगळी काढणारा जोड) लावायचे आणि केबलमधल्या चार पिळलेल्या जोड्यांपैकी निळ्या व तपकिरी जोड्यांतून १२ व्होल्ट सोडायचे. गेटवरचा कॅमेरा ४० मीटरवर आहे आणि रात्री ६ वॅट घेतो असं धरू. २४ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) शुद्ध तांब्याच्या केबलमध्ये, दोन तारा जायला आणि दोन यायला, एकूण रोध साधारण ३.४ ओहम. १२ व्होल्टला ६ वॅट म्हणजे अर्धा अँपिअर, म्हणून १.७ व्होल्ट वाटेत जातील आणि १०.३ उरतील, असं वाटतं. पण कॅमेरा तेवढ्यावर गप्प बसत नाही. व्होल्टेज पडलं तरी त्याला ६ वॅट हवेच असतात, म्हणून तो करंट जास्त ओढतो, करंट वाढला की वाटेतली गळती आणखी वाढते. हिशोब शेवटी १० व्होल्टवर स्थिरावतो. काही कॅमेरे एवढ्यावर चालतात, काही कुरकुरतात.

हीच केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, म्हणजे सीसीए असेल तर रोध सुमारे १.६ पट. कॅमेऱ्यापाशी दिवसा साडेदहा व्होल्ट मिळतात, काम भागतं. रात्री मात्र आठ. कॅमेरा रिबूट होतो, चालू होताना दिवे बंद असतात म्हणून उभा राहतो, दिवे लागले की पुन्हा कोसळतो. रात्रभर हेच. तार त्याहून बारीक, २६ गेजची सीसीए असेल तर या अंतरावर ६ वॅट पोचतच नाहीत; गणिताला उत्तरच निघत नाही. लांब पाटाच्या शेवटच्या सरीला पाणी का पोचत नाही हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

४८ व्होल्टच्या पीओईवर तेच ६ वॅट म्हणजे जेमतेम पाव अँपिअरच्या निम्मा करंट. त्याच सीसीए केबलमध्ये पाऊण व्होल्टसुद्धा पडत नाही. व्होल्टेज चौपट झालं की तेवढ्याच वॅटला वाटेत वाया जाणारे वॅट सोळाव्या हिश्शावर येतात. म्हणून १२ व्होल्टचा स्प्लिटर पंधरा-वीस मीटरच्या पुढं लावूच नये. रात्रीची तक्रार आणि स्प्लिटर असं दोन्ही एकत्र दिसलं की मी दुसरं काही शोधत बसत नाही. पीओई स्विच घ्यायचा. साध्या पीओईच्या, म्हणजे ८०२.३ एएफ प्रमाणाच्या पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि १०० मीटरवर १२.९५ वॅटची हमी असते, म्हणजे घरच्या बुलेट किंवा डोम कॅमेऱ्याला भरपूर. फिरणारा पीटीझेड असेल तर ८०२.३ एटी बघा, ३० वॅटचा.

मग ४८ व्होल्टवर सीसीए चालते म्हणायची का? कागदावर चालते. अडचण प्लगमध्ये येते. क्रिंप करताना, म्हणजे प्लग तारांवर दाबून बसवताना, पिनेचा दात तारेवरचा पातळ मुलामा फोडून आत घुसतो आणि ॲल्युमिनियम उघडं पडतं. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. भरीला ते दाबाखाली हळूहळू सरकतं, उन्हात तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंडीत आकसतं. दात आणि तार यांच्यात सूक्ष्म फट पडते. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं जी दमट हवा असते, तीत तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी असले की गंज ठरलेलाच. पहिला पाऊस निघतो, दुसऱ्या पावसाळ्यात फोन सुरू होतात.

याचा आणखी एक छुपा परिणाम होतो. एका जोडीतल्या दोन तारांपैकी एकीचा संपर्क खराब झाला की पीओईचा करंट दोघींत सारखा वाटला जात नाही. पोर्टमधल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला तो असमतोल सोसत नाही आणि डेटा बिघडायला लागतो. वीज पोचते, कॅमेऱ्याचा दिवा लागतो, चित्र मात्र चौकोनी तुकड्यांत फुटतं. लोक म्हणतात कॅमेऱ्याची लेन्स गेली.

रात्र दुपारीच आणा

रात्रीची वाट बघत बसायची गरज नाही. दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड गुंडाळा. सेन्सरला अंधार वाटतो, आयआर लागतात. पाच-दहा मिनिटांत कॅमेरा गेला तर दुखणं विजेचं हे नक्की. आता तोच कॅमेरा खाली आणा, स्विचच्या शेजारी ठेवून कंपनीतून तयार आलेल्या मीटरभर पॅच कॉर्डनं जोडा आणि पुन्हा कापड टाका. इथं चालला तर कॅमेरा सुटला, केबल अडकली. कोणताही कॅमेरा भंगारात काढण्याआधी ही एवढी चाचणी कराच. फिटर टाळाटाळ करत असेल तर स्वतः करा, यात काही अवघड नाही.

केबल घेताना

शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत दुकानात गेलात की काउंटरवरून उत्तर येतं, "कॅट-सिक्स हाय की साहेब, डोळे झाकून न्या." डोळे उघडेच ठेवा. घरच्या कॅमेऱ्याला कॅट-६ च्या वेगाची गरजच नाही. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीत सेकंदाला चार-सहा मेगाबिट पाठवतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांचं पोर्टच १०० मेगाबिटचं असतं. कॅट-५ई सुद्धा याच्या कितीतरी पुढं आहे. कॅट-६ घ्यायची तर तिची तार सहसा जाड, २३ गेजची असते म्हणून घ्या. पण नावाला कॅट-६ आणि आत सीसीए, यापेक्षा शुद्ध तांब्याची कॅट-५ई शंभर पटीनं बरी. केबलची जी प्रमाणं आहेत त्यांत वाहक तांब्याचाच धरलेला आहे, म्हणजे सीसीए केबलवर कॅट-६ छापणं हेच मुळात चुकीचं.

ओळखायची कशी? आधी डबा उचलून बघा. ३०५ मीटरच्या, म्हणजे हजार फुटांच्या डब्यात आठ तारा असतात. २४ गेजला त्यातलं नुसतं तांबं साडेचार किलोच्या आसपास भरतं, २३ गेजला साडेपाच. वर प्लॅस्टिकचं वजन वेगळं. अख्खा डबा एका बोटावर उचलला जात असेल तर आत काय आहे हे विचारायचीही गरज नाही. मग टोकाची एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. तांबं आतपर्यंत लालसर असतं, सीसीएत खरवडलं की पांढरी चांदीसारखी रेघ दिसते. एकाच जागी चार-सहा वेळा वाकवून बघा. ॲल्युमिनियमची तार पटकन तुटते. चुंबकही लावा, कारण मुलामा दिलेली पोलादी तारही बाजारात आहे आणि ती चिकटते.

घरात आधीच टाकलेली केबल तपासायची असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. केबल दोन्हीकडून मोकळी करा, स्विचमध्ये लावलेली असताना मीटर लावू नका. एका टोकाला केशरी आणि पांढरी-केशरी तार एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांवर ओहम मोजा. मीटरच्या दोन सळया एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी मिळते. दर दहा मीटरला २४ गेजच्या तांब्याचा आकडा १.७ ओहम येतो, २३ गेजचा सव्वा-दीडच्या मध्ये. पावणेतीनच्या आसपास किंवा त्याच्या वर आला तर सीसीए किंवा फाजील बारीक तार. चारही जोड्या मोजा. तीन सारख्या आणि एक फार वेगळी निघाली तर त्या जोडीतली तार कुठंतरी चिरली आहे.

बाहेरच्या भिंतीवरून जाणारी केबल काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची घ्यायची. घरात वापरायची पांढरी-राखाडी पीव्हीसी केबल गच्चीवर टाकली की काही उन्हाळ्यांत तिचं आवरण कडक होऊन चिरतं, आणि मग पाऊस आत शिरायला दार उघडं.

प्लग बसवणं: निम्मा घोटाळा इथं

सर्वात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे रंगांचा. फिटर म्हणतो, दोन्हीकडं सारखे रंग लावले की झालं. मग तो केशरीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी अशा ओळीनं तारा लावतो. एलईडीचा टेस्टर १ ते ८ दिवे सुरेख लावून दाखवतो. तरीही हे चूक आहे. १०० मेगाबिटचा डेटा १-२ आणि ३-६ या पिनांवरून जातो. ३ आणि ६ नंबरच्या तारा एकाच पिळातल्या असाव्या लागतात. ओळीनं लावल्या की ३ वर हिरव्या जोडीतली आणि ६ वर निळ्या जोडीतली तार येते. पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट पुसून टाकण्यासाठी, तोच इथं निकामी होतो. दहा मीटरला चालतं, पन्नास मीटरला अधूनमधून तुटतं. स्वस्त टेस्टरला हे कधीच दिसत नाही, तो फक्त तार सलग आहे की नाही एवढंच सांगतो.

रंगांचा टी५६८बी नावाचा ठरलेला क्रम पाठ करा. क्लिप खाली, सोनेरी पिना वर, केबल आपल्या बाजूला, आणि डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

प्लग घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. तो अखंड तारेसाठी आहे का? भिंतीतून जाणाऱ्या केबलची तार एकसंध असते, पॅच कॉर्डची बारीक तारांची. एकसंध तारेच्या प्लगमध्ये पिनेला तीन दात असतात, ते तारेला दोन्ही बाजूंनी पकडतात. बारीक तारांसाठीच्या पिनेचे दात सरळ मधोमध घुसतात. ते एकसंध तारेवर लावले की तार बाजूला सरकते नाहीतर चिरते. दुसरं, केबल कॅट-६ असेल तर प्लगही कॅट-६ चाच हवा. जाड तार कॅट-५ई च्या प्लगमध्ये कोंबताना एखादी शेवटपर्यंत पोचतच नाही आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकमधून नीट बघितल्याशिवाय कळत नाही. तारा आरपार जाणारे प्लग सोपे आहेत, मान्य. पण त्यांना पुढची टोकं साफ कापणारा त्यांचाच क्रिंपर लागतो. साध्या क्रिंपरनं दाबून टोकं नेलकटरनं कापली की तांबं समोर उघडं राहतं, त्यावर ४८ व्होल्ट असतात, आणि बाहेरच्या जागी ते टोक दमट हवेत गंजतं.

आवरण सोलताना ब्लेड हलक्या हातानं फिरवा. आतल्या तारेला ओरखडा पडला तर ती आज चालेल आणि कधीतरी केबल हलली की तुटेल. जोड्यांचा पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. सवय नसेल तर तारा सरळ करताना लांब उलगडाव्याच लागतात. करा, पण प्लगमध्ये घालण्याआधी पुढून कापून आखूड करा. आणि वरचं आवरण प्लगच्या आत गेलंच पाहिजे, मागची खिट्टी आवरणावर दाबली जायला हवी. ज्या प्लगच्या मागं आठ रंगीत तारा उघड्या दिसतात तो प्लग कापून टाका. काही वाद घालू नका.

एनव्हीआरच्या बाजूला तर प्लग लावूच नये असं माझं मत. भिंतीवर कीस्टोन जॅक (प्लग आत घ्यायचं सॉकेट) बसवा, तारा त्यात पंच करा म्हणजे हत्यारानं दाबून बसवा, आणि तिथून स्विचपर्यंत तयार पॅच कॉर्ड. एकसंध तार वारंवार वाकवणं तिला मानवत नाही, आणि स्विचजवळच सगळ्यात जास्त ओढाताण होते. झाडलोट करताना केबल ओढली जाते, टीव्हीचं कपाट हलवताना दबते.

पावसात जाणारा कॅमेरा

कॅमेऱ्याच्या शेपटीला आरजे-४५ चं, म्हणजे नेटवर्कचा प्लग आत घ्यायचं, मादी टोक असतं आणि डब्यात एक प्लॅस्टिकची टोपी, रबरी रिंग आणि नट मिळतो. हा ग्लँड केबलवर प्लग क्रिंप करण्याआधी ओवावा लागतो. घाईत आधी प्लग बसवला जातो, मग ग्लँड चढत नाही, आणि तो डब्यातच राहतो. जोडावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली की काम संपलं. कोल्हापूरच्या पावसात ती टेप काय करणार? उन्हात तिचा गोंद वितळून ओघळलेला असतो, पहिल्या आठ दिवसांच्या झडीत पाणी आत. पिनांवर सतत ४८ व्होल्ट असल्यानं त्या पाण्यात विद्युत-रासायनिक गंज जोरात चालतो. प्लग काढलात तर पिनांवर हिरवट-काळा थर दिसेल. सुकलं की कॅमेरा चालू होतो, म्हणून लोक सोडून देतात, आणि पुढच्या झडीत पिन अजून खाल्ली जाते.

प्लग नवा लावा. कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या पिनाही काळ्या पडल्या असतील तर मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून बघा. खड्डे पडले असतील तर ते टोक बदलावंच लागेल. हे करताना स्विचकडची केबल आधी काढा, चालू पीओईत प्लग ओढला की पिनेवर ठिणगी पडते. ग्लँड व्यवस्थित लावा, आणि जमलं तर अख्खा जोड कॅमेऱ्यामागं पीव्हीसीच्या बॉक्समध्ये घ्या. केबल बॉक्समध्ये खालून शिरली पाहिजे. शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून वाहत येणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, आत जाणार नाही. टेपच लावायची तर स्वतःला चिकटून एकजीव होणारी रबर टेप घ्या, ताणून गुंडाळा. सिलिकॉन भरणार असाल तर वास घेऊन बघा: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागून घ्या.

पाणी फक्त जोडातून येतं असंही नाही. वरच्या मजल्यावर आवरण चिरलं असेल तर पाणी केबलच्या आतून खाली उतरतं आणि थेट एनव्हीआरच्या प्लगमधून बाहेर येतं. खालचा प्लग ओला आणि बाहेरचा जोड कोरडा, असं दिसलं तर वर चीर शोधा.

नदीकडच्या भागात जमिनीखालून पाइप टाकून गेटपर्यंत केबल नेलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात असे पाइप भरले आणि कित्येक ठिकाणी आतलं पाणी निघालंच नाही. पाण्यात बुडून राहणारी केबल जेल भरलेली, जमिनीखाली वापरायची अशी लिहिलेलीच असायला हवी. साध्या केबलचं आवरण हळूहळू ओल पितं, तारांमधली धारिता (कपॅसिटन्स) बदलते, आणि पाइप कितीही चांगला असला तरी सिग्नल खराब होतो. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३. ज्यांच्या दारात ४३ ला पाणी येतं त्यांनी एनव्हीआर आणि स्विच माडीवरच ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

बाकीची किरकोळ दुखणी

मोटर सुरू होताना कॅमेरे जात असतील तर लोक म्हणतात लाइटच्या वायरशेजारून केबल गेलीय म्हणून. ती तशी जाऊ नयेच. वीतभर अंतर ठेवा आणि ओलांडायची असेल तर काटकोनात. पण बहुतेकदा मोटरनं क्षणभर व्होल्टेज पडतं आणि स्विचचा अडॅप्टर झटका खातो. स्विच आणि एनव्हीआर छोट्या यूपीएसवर घेऊन बघा, पन्नास मीटर केबल उकलण्याआधी. उद्यमनगरातल्या शेडमध्ये शेजारी वेल्डिंग चालत असेल तर मात्र शील्डवाली केबल कामाची, आणि तिचं शील्ड अर्थ केलेलं असेल तरच. अर्थ न केलेलं शील्ड म्हणजे नुसता खर्च.

घरापासून गोठा किंवा गुऱ्हाळ शंभर मीटरच्या पलीकडं असेल, किंवा दोन इमारतींचा अर्थ वेगवेगळा असेल, तर तांब्याचा हट्ट सोडा आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे डबे) लावून फायबर ओढा. मे महिन्यातला वळीव विजा घेऊन येतो. तांब्याच्या लांब केबलमधून त्या झटक्यानं एका दमात कॅमेरा, स्विच आणि एनव्हीआर तिन्ही जातात. फायबरमधून ती वाट बंद होते.

कामाचा क्रम

लॉग, स्विचच्या वॅटची बेरीज, कापडाची चाचणी, पॅच कॉर्डवर अदलाबदल. इतक्यानं केबलवर बोट ठेवलं गेलं तर आधी कॅमेऱ्याकडचा प्लग कापून नवा लावा, मग आतल्या बाजूचा. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला सतत पिंग (कॅमेरा उत्तर देतोय का हे पुन्हा पुन्हा विचारणारी आज्ञा) लावून ठेवा आणि प्लग हलक्या हातानं हलवा. हलवताना पॅकेट गळाली तर तोच प्लग दोषी. दोन्ही टोकं नवी करून चार रात्री बघा. एवढ्यानं न सुटलेलं दुखणं म्हणजे सीसीए किंवा मधली चीर, आणि तिथं जोड देत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण केबल बदला.

कन्सिल्ड पाइपमधून केबल बदलताना जुनी केबल उपटून काढू नका. तिच्या टोकाला नवी केबल आणि सोबत एक मजबूत नायलॉनची दोरी बांधा. गाठ टप्प्याटप्प्यानं, एकाखाली एक बांधली म्हणजे कोपऱ्यात अडकत नाही. वर टेप गुंडाळा आणि एकानं ओढताना दुसऱ्यानं मागून ढकला. दोरी पाइपातच राहू द्या, पुढच्या वेळी ओढायला कामी येईल. दोन्ही टोकांना हातभर केबल जास्तीची सोडा, आणि कोणती केबल कोणत्या कॅमेऱ्याची हे टोकावर मार्करनं लिहून टाका.